लक्ष्मणफळाला फुलं भरपूर पण फळ धरत नाही, आणि २० गुंठ्यात लावावं का?

माणगाव_खोरे (कुडाळ)

नमस्कार मंडळी, पोस्ट जरा लांब होणार आहे, समजून घ्या.

आमच्या घरामागे विहिरीच्या बाजूला लक्ष्मणफळाची दोन झाडं आहेत, जुनी माणसं मामफळ म्हणतात ते, हिरवं मोठं मऊ काट्यांचं फळ, आत पांढरा दोऱ्यादोऱ्यांचा गर आणि काळ्या बिया. आईने बी रुजवून केलेली झाडं, आता चांगली पंधरा फुटाच्या वर गेलीत, पानं बारा महिने हिरवीगार चकचकीत, बघायला एक नंबर. पण फळाच्या नावाने रड आहे. फुलं येतात भरपूर, खोडावर पण येतात, जाड फांद्यांवर पण, ती पिवळट जाड पाकळ्यांची. दोन-चार दिवसात पाकळ्या पडतात आणि मग देठासकट सगळं सुकून खाली. गेल्या सीझनला मोजकीच फळं राहिली आणि ती पण वाकडी, एका बाजूने फुगलेली आणि दुसऱ्या बाजूने चपटी, आत त्या चपट्या भागात बी पण नाही आणि गर पण नाही. खत कमी पडतंय म्हणून शेणखत घातलं, पाणी चालू आहे, काही फरक नाही. शिवाय देठापाशी आणि छोट्या फळांवर पांढरा कापसासारखा थर येतो आणि मुंग्या फिरत असतात.

दुसरा विषय म्हणजे आमची २० गुंठे वरकस जमीन आहे, जांभ्याची, थोडी उताराची, जुना काजू काढून टाकलाय. तिथे लक्ष्मणफळ लावायचं डोक्यात आहे. एका नर्सरीवाल्याने सांगितलं की ग्राफ्ट केलेली रोपं घ्या, दुसऱ्या वर्षी फळ. रोपाचा दर ऐकून जरा दचकलो. आणि गावात एक माणूस येऊन गेला, तो म्हणतो फळ विकलं नाही गेलं तरी चालेल, आम्ही पानं सुकवून किलोवर घेऊ, कॅन्सरच्या औषधाला जातात. आई एकदम खूश झाली, म्हणते लाव सगळीकडे. मला ते पानाचं प्रकरण काही पटत नाही पण ठामपणे नाही म्हणायला माझ्याकडे माहिती नाही.

कोणी कोकणात, गोव्यात लावलं असेल तर प्लीज अनुभव सांगा. फळ का धरत नाही आणि लागवड करावी की नाही, दोन्ही.

---

कुळागर_फोंडा

दादा, तुमच्या झाडाला काही आजार नाही. खत पण कमी नाही. परागीभवन होत नाहीये एवढंच.

आमच्या कुळागरात, म्हणजे घरामागच्या सुपारीच्या बागेत, पोफळी आणि माडांच्या कडेने ही झाडं सासऱ्यांच्या वेळेपासून आहेत. सगळ्यात आधी हे समजून घ्या की या झाडाचं एकच फूल आधी मादी असतं आणि मग नर होतं. म्हणजे फूल जरासं सैल होतं तेव्हा मधला जो गोल उंचवटा असतो तो ओलसर चिकट असतो, त्यावेळी त्याला पराग हवा असतो पण त्या फुलाचा स्वतःचा पराग तेव्हा तयारच नसतो. नंतर तो चिकटपणा वाळतो आणि मग बाजूचे पुंकेसर सुटे होऊन पराग पडायला लागतो. तोपर्यंत उशीर झालेला असतो. आणि हे फूल मधमाशीचं नाही, पाकळ्या इतक्या जाड आणि बंद की ती आत जातच नाही, बारीक तपकिरी भुंगेरे आत शिरतात, ते जे कुजक्या फळांवर असतात ना तेच. ते असतील तर फळ, नसतील तर फुलं नुसती खाली.

वाकड्या फळाचं कारण पण तेच. हे फळ म्हणजे एकाच फुलातल्या खूप सगळ्या बारीक बारीक फळांचा एकत्र झालेला गोळा असतो, सीताफळासारखंच, फक्त सीताफळाचे डोळे वेगळे दिसतात आणि याचे दिसत नाहीत. जेवढ्या भागाला पराग मिळाला तेवढा भाग फुगतो, बाकीचा तसाच चपटा राहतो. तुम्ही लिहिलंय ना की चपट्या बाजूला बी नव्हतं, मग झालं, तेच उत्तर आहे.

उपाय म्हणजे हाताने करायचं. मी सांगते मी कसं करते. सकाळी लवकर, ऊन चढायच्या आत, जी फुलं पूर्ण सैल झालीत आणि हात लावला की आतले केसर पिठासारखे सुटतात ती काढून घ्यायची, कागदावर किंवा स्टीलच्या कोरड्या वाटीत झटकायची. मग मऊ ब्रश, चित्रकलेचा चालतो, त्याने तो पराग उचलायचा आणि ज्या फुलाच्या पाकळ्या आत्ताच जराशा उघडायला लागल्यात आणि आतला उंचवटा चमकतोय त्याच्यावर सगळ्या बाजूने फिरवायचा. सगळ्या बाजूने हे महत्त्वाचं, एकाच ठिकाणी टेकवलं की परत वाकडं फळ. पराग त्याच दिवशी वापरायचा, फ्रीजमध्ये वगैरे ठेवून दुसऱ्या आठवड्याला नको. आणि कुठलं फूल निवडायचं ते पण बघा, बारीक फांदीच्या टोकाचं घेऊ नका, फळ किलो-दीड किलोचं सहज होतं, कधी त्याहून मोठं, बारीक फांदी झेलणार नाही. खोडावरची आणि जाड फांदीवरची फुलं घ्या.

फुलं कधी उमलतात, कधी पराग सुटतो ते तुमच्या हवेवर आहे, म्हणून आधी दोन-तीन दिवस नुसतं बघा. एक फूल फोडून बघा, आत सगळं कळतं.

तो पांढरा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण. मुंग्या त्याला सांभाळतात, त्याच्या अंगातून गोड चिकट पाणी येतं ते खायला. मुंग्या तोडल्या की अर्धं काम होतं. खोडाला चिकट पट्टी लावा, फांद्या कुंपणाला किंवा दुसऱ्या झाडाला टेकत असतील तर छाटा नाहीतर तिकडून पूल होतो.

---

फळबाग_दापोली

ताईंनी परागीभवनाचं इतकं नीट सांगितलंय की मला त्यात फार भर घालायची नाही. मी उद्यानविद्या शिकलेलो आहे आणि रोपवाटिकेत काम केलंय त्यामुळे लागवड आणि रोपांबद्दल लिहितो.

फवारणी. फुलांच्या काळात कडक कीटकनाशक मारलंत तर ते भुंगेरे पण मरतात आणि मग तुमच्याकडे जी चार फळं येतात ती पण येणार नाहीत. पिठ्या ढेकणाला आधी जोरात पाण्याचा फवारा, मग निंबोळी अर्क, पावसाळी दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी ही कीड मारणारी बुरशी चांगली चालते. क्रिप्टोलिमस नावाचे ढालकिडे मिळतात, त्यांच्या अळ्या पिठ्या ढेकूण खातात पण त्या अळ्या दिसायला पण पांढऱ्या कापसासारख्याच असतात त्यामुळे लोक चुकून त्यांनाच मारतात, तेवढं ओळखायला शिका. फळमाशीसाठी आपल्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा आहे, मिथिल युजेनॉलवाला, आंब्याला वापरतात तोच. त्याच्या वासाने नर माश्या येऊन अडकतात. फळाला कापडी किंवा कागदी पिशवी घातली तर अजून बरं. काही लोक भुंगेरे यावेत म्हणून झाडाखाली कुजकी फळं, अननसाची सालं ठेवतात, भुंगेरे येतात हे खरं आहे पण आपल्याकडे त्याच ढिगात फळमाशी वाढते, म्हणून मी तो प्रकार कोकणात करा असं सांगणार नाही, हाताने केलेलं परवडतं.

आता रोपं. दुसऱ्या वर्षी फळ हे ऐकायला छान वाटतं, कलमाला फूल लवकर दिसतं पण त्या वयात फळ धरायचं नसतं, झाड बांधायचं असतं. बियांचं झाड चांगलं सांभाळलं तर साधारण तीन ते पाच वर्षांत फळावर येतं, कलम त्याच्या आधी. नर्सरीवाल्याला एकच प्रश्न विचारा, खुंट, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलंय ते, कशाचा आहे. रामफळाचा चालतो, लक्ष्मणफळाच्याच रोपाचा सगळ्यात उत्तम. सीताफळाच्या खुंटावर बांधलेलं असेल तर घेऊ नका, सुरुवातीला जीव धरतं पण पुढे टिकत नाही. उत्तर देता आलं नाही तर तिथून निघा. आणि अजून एक, लक्ष्मणफळ सांगून दुसरंच रोप विकतात. हनुमानफळ या नावाखाली कोणी सीताफळाचा संकर देतो, कोणी लक्ष्मणफळ देतो. एक जंगली भाऊबंद पण आहे, अॅनोना मोंटाना, पान जवळपास तसंच, फळ मात्र गोल आणि गर पिवळट, चवीला काही नाही. ते लावून चार वर्षं वाट बघायची म्हणजे वाईट. खरं लक्ष्मणफळ हृदयाच्या आकाराचं किंवा लांबट, थोडं तिरकं, गर पांढराशुभ्र. शक्यतो मातृवृक्ष बघून, त्याचं फळ खाऊन मगच रोप घ्या. तुमच्या स्वतःच्या झाडाचं फळ चवीला चांगलं असेल तर त्याच्याच बिया रुजवा आणि त्याच झाडाच्या काड्या वापरून कलमं बांधा, पैसे वाचतील. बी ताजं हवं, साधारण तीन-चार आठवड्यांत उगवतं, कधी कधी दोन-तीन महिने पण घेतं त्यामुळे पिशवी फेकून देऊ नका.

जमीन जांभ्याची आहे म्हणालात, ते चालतं, या झाडाला किंचित आंबट माती आवडते, सामू (पीएच) साडेपाच-सहाच्या आसपास. उतार आहे ते पण चांगलं कारण पाणी साचलेलं याला अजिबात सहन होत नाही, मुळं वरच्या वर असतात आणि कुजतात. खड्डा दोन फूट बाय दोन फूट, खोलीही तेवढीच, मेमध्ये खणून उन्हात तापू द्या, शेणखत आणि ट्रायकोडर्मा (मूळकूज रोखणारी उपयोगी बुरशी), आणि रोप लावताना मातीचा उंचवटा करून त्यावर, बुंधा मातीत गाडायचा नाही. अंतर १५ फुटाच्या खाली नको, मी तर १८ म्हणेन. उताराच्या खालच्या अंगाला दगडाची अर्धगोल बांध घाला म्हणजे पहिल्याच पावसात माती वाहून जाणार नाही. पावसाळ्याच्या तोंडावर खोडाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याची), सुपारीला कोळेरोगासाठी बोर्डो मारता तेव्हा याच्यावर पण एक हात मारून घ्या. आणि पाऊस संपला की बुंध्यापासून जरा लांब पातेरा, म्हणजे सुका पालापाचोळा, पसरा भरपूर, मुळं वर असल्यामुळे फेब्रुवारी ते मे झाडाला ताण लवकर बसतो आणि फूल-फळ गळतं. आच्छादन असेल तर पाणी पण कमी लागतं.

उंची वाढू देऊ नका. आठ-नऊ फुटावर झाड ठेवा, हाताने परागीभवन करायचं आणि फळ हाताने काढायचं तर शिडी लागता कामा नये. तुमची पंधरा फुटी झाडं फळं काढून झाली की शेंड्याकडून हळूहळू कमी करा, एकदम नको.

---

माणगाव_खोरे (कुडाळ)

ताई, दादा, दोघांचे मनापासून आभार. आज सकाळी फूल फोडून बघितलं, ताई म्हणाल्या तसंच आहे, आत केसर अजून घट्ट आणि मधला भाग चिकट. इतकी वर्षं झाड दारात आणि हे कधी बघितलंच नव्हतं कोणी. उद्यापासून ब्रश घेऊन सुरू.

दोन गोष्टी अजून. माड-पोफळीच्या सावलीत चालेल का, म्हणजे २० गुंठे नुसतं हेच न लावता? आणि एका झाडाला साधारण किती फळं धरून हिशोब करायचा?

---

कुळागर_फोंडा

पूर्ण सावलीत नको. झाड जगतं पण उंच उंच जातं उजेड शोधत आणि फळ नाही देत. कडेला, जिथे सकाळचं ऊन मिळतं तिथे लावा. आमची सगळ्यात चांगली झाडं कुळागराच्या पाटाच्या बाजूला कडेने आहेत, ओलावा पण मिळतो आणि ऊन पण. वाऱ्याचा पण विचार करा. तौक्ते चक्रीवादळ आलं होतं मे २०२१ मध्ये तेव्हा उघड्यावरची झाडं मुळासकट आडवी झाली, माडांच्या आडोशाची राहिली.

किती फळं म्हणाल तर हे झाड कंजूषच आहे हो. एका झाडाला वर्षाला बारा ते वीस-चोवीस फळं आली तर चांगलं समजतात. हाताने परागीभवन केलं तर नक्की वाढतात, पण मग झाडाच्या ताकदीच्या बाहेर धरू नका, लहान झाडावर जास्त झाली तर काही काढून टाका.

---

द्राक्षवाला_निफाड

मध्येच विचारतो, आमच्याकडे निफाडला कोणी लावलंय का? सीताफळ आमच्याकडे मस्त येतं, बांधावर पण येतं, मग हे त्याचंच भावंड असून का नाही असं वाटायचं. एका नातेवाईकाने कोकणातून रोप आणून लावलं, पहिला उन्हाळा काढला पण थंडीत सगळी पानं काळी पडून गळाली आणि शेंडे वाळले.

---

फळबाग_दापोली

निफाडला अवघड आहे भाऊ. सीताफळ थंडीत पानं गाळून झोपतं, पाऊस पडला की परत फुटतं, त्याची घडणच माळरानाची. लक्ष्मणफळ सदाहरित, मूळचं वेस्ट इंडिज आणि दक्षिण-मध्य अमेरिकेच्या उष्ण दमट भागातलं, त्याच्या कुटुंबात थंडीला सगळ्यात कच्चं हेच. पारा ५ अंशाच्या आसपास आला की पानं जातात, त्याच्या खाली लहान झाड मरतंच. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा तिथपर्यंत आणि त्याखाली पण जातो. शिवाय मार्च-एप्रिलचा कोरडा वारा, त्यात फुलाचा चिकटपणा लगेच वाळतो त्यामुळे परागीभवन हाताने केलं तरी धरत नाही. घरापुरतं एखादं झाड भिंतीच्या आडोशाला, थंडीत रात्री झाकून, ठिबकवर जगवता येईल. बागेसाठी तुम्ही सीताफळच लावा, तुमच्याकडे एनएमके गोल्डन आहे, बेंगळुरूच्या संस्थेचं अर्का सहन आहे, ती तुमच्या हवेला योग्य.

---

गच्ची_कोथरूड

पुण्यात गच्चीवर मोठ्या ड्रममध्ये माझं आहे एक. थंडीत पानं थोडी गळतात पण मरत नाही, भिंतीची ऊब मिळते. उन्हाळ्यात दुपारी शेडनेट लागतं नाहीतर पानांच्या कडा जळतात. फळ मोजकंच पण त्या एका फळाचा मिल्कशेक घरातल्या सगळ्यांना पुरतो आणि वास तर असा सुटतो की अननस आणि स्ट्रॉबेरी एकत्र कापल्यासारखं वाटतं. ज्यांना जागा नाही त्यांनी हौस म्हणून जरूर करावं. ड्रमला खाली भोकं भरपूर ठेवा, पाणी साचलं की संपलं.

---

औषधविभाग_मिरज

बागेतलं मला कळत नाही पण पानांचं वाचून लिहिल्याशिवाय राहवलं नाही. मी फार्मासिस्ट आहे आणि काउंटरवर दर महिन्याला कोणीतरी हा प्रश्न घेऊन येतं, बहुतेक वेळा घरात कोणीतरी आजारी असतं आणि लोक अक्षरशः कासावीस झालेले असतात.

माणगावचे दादा, तुम्हाला पटत नाहीये ते बरोबर आहे. तो व्हॉट्सअॅपवरचा मेसेज, केमोपेक्षा दहा हजार पट वगैरे, तो प्रयोगशाळेत काचेच्या ताटलीत वाढवलेल्या पेशींवरच्या कामातून उचललेला आहे. ताटलीत कॅन्सरच्या पेशी मारणारी असंख्य रसायनं असतात, माणसाच्या शरीरात ती औषध म्हणून चालतात का हे वेगळं आणि फार मोठं काम असतं. लक्ष्मणफळाच्या पानाने किंवा फळाने माणसाचा कॅन्सर बरा होतो असं सिद्ध झालेलं नाही. आणि लोक जेव्हा हा काढा घेतो म्हणून उपचार पुढे ढकलतात तेव्हा जो वेळ जातो तो परत मिळत नाही. हे मला फार लागतं.

दुसरी बाजू कमी लोकांना माहीत आहे. या झाडाच्या पानात, बियांत आणि फळात पण अॅनोनासिन नावाचा घटक असतो आणि तो मेंदूतल्या चेतापेशींना घातक आहे. कॅरिबियनमध्ये ग्वादलूप बेटावर पार्किन्सनसारखा पण नेहमीच्या औषधांना दाद न देणारा आजार खूप लोकांना दिसत होता आणि तिथे हे फळ आणि पानांचा चहा रोजच्या खाण्यापिण्यात असतो. १९९९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात त्याबद्दलचा अभ्यास आला. कारण हेच असं शंभर टक्के कोणी म्हणत नाही, पण संबंध दिसला आणि नंतर उंदरांवरच्या प्रयोगात अॅनोनासिनने मेंदूतल्या पेशींना इजा होते हे पण दिसलं. म्हणून मी सांगते, सीझनला फळ खा, शेक प्या, आनंदाने खा. पण पानांचा काढा रोज, महिनोन्‌महिने, हे नको. बीपीच्या आणि शुगरच्या गोळ्या चालू असलेल्यांनी तर अजिबात स्वतःच्या मनाने नको, त्याने दोन्ही अजून खाली जाऊ शकतं. बिया कधीच वाटल्या जाऊ नयेत, मिक्सर लावायच्या आधी एकेक काढा. सीताफळाच्या बियांची पूड उवांसाठी लावतात आणि ती डोळ्यात जाऊन डोळ्याला इजा झालेले पेशंट येतात हे डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, हे त्याच कुटुंबातलं आहे.

आणि कायद्याचं पण बघा. कॅन्सर बरा करतो अशी जाहिरात करून काहीही विकणं १९५४ च्या औषधं आणि जादूटोण्याचे उपाय यांच्या आक्षेपार्ह जाहिरातींच्या कायद्याखाली गुन्हा आहे. पानं घेणारा तो माणूस पाकिटावर काय छापणार ते तुम्हाला माहीत नाही. तुमच्या बागेचं नाव त्यात यावं असं मला नाही वाटत. आईंना हे सगळं शांतपणे समजावून सांगा, त्या चांगल्याच मनाने म्हणत असतील.

---

फळबाग_दापोली

मिरजच्या ताईंना अगदी अनुमोदन. झाडाच्या बाजूने पण एक सांगतो, पानं ओरबाडली की फळ जातंच. फळाला साखर पानातूनच मिळते, सदाहरित झाडाची पानं दर महिन्याला काढली तर ते फुटवे काढण्यातच संपतं. पानांसाठी लावायचं आणि फळ पण मिळेल असं दोन्ही होत नाही.

---

पल्प_आणि_फळं (म्हापसा)

मार्केटचं मी सांगतो, मी फळांचा छोटा व्यवसाय करतो. ताजं फळ विकणं ही याची खरी अडचण आहे, लावण्याआधी याचा विचार करा. झाडावर पिकू दिलं तर खाली पडून फुटतं, वटवाघळं पण येतात. म्हणून फळ अजून टणक असताना काढायचं, गडद हिरव्याचं जरा पिवळसर फिकं हिरवं होतं, काटे एकमेकांपासून लांब जातात आणि मऊ होतात, तेव्हा. देठ ठेवून कात्रीने कापा. मग घरात चार-पाच दिवसात दाबलं की बोट आत जाईल असं होतं. तिथून दोन दिवस हातात, बस. फ्रीजमध्ये ठेवलं तर साल काळी पडते, आत चांगलं असतं पण गिऱ्हाईक काळी साल बघून घेत नाही. कुडाळहून मुंबईला पिकलेलं पाठवायचं तर गाडीतच लगदा होतो, त्यामुळे टणकच पाठवा आणि घेणाऱ्याला कधी पिकेल ते समजावून सांगा.

आम्ही काय करतो, शुक्रवारच्या बाजाराला थोडी फळं आणि बाकी सगळ्याचा पल्प. साल सोलायची, मधला दांडा काढायचा, बिया हाताने काढायच्या, हे वेळखाऊ आहे, बायका बसवाव्या लागतात. मग पाकिटं भरून डीप फ्रीझर. आइस्क्रीमवाले, ज्यूसवाले, काही हॉटेलं घेतात. चव अशी आहे की एकदा खाल्ली की लोक परत मागतात, औषधाची काही गरजच नाही त्याला विकायला, हे मला मनापासून वाटतं. विकायचं असेल तर एफएसएसएआयचं, म्हणजे अन्नसुरक्षा खात्याचं, रजिस्ट्रेशन करून घ्या.

माझा सल्ला असा की आधी घेणारा शोधा. तुमच्या जवळ कुडाळ-सावंतवाडी-मालवणला टुरिस्टांची आइस्क्रीम पार्लरं आहेत, त्यांना या सीझनचा दोन किलो पल्प फुकट खायला द्या आणि काय म्हणतात बघा.

---

कुळागर_फोंडा

हो आणि २० गुंठे सगळे याचेच नकोत. आमच्याकडे कोकम, जाम, पोफळ, केळी, मिरी सगळं मिळून चालतं, एक गेलं तर दुसरं असतं. तुम्ही कडेने दहा-बारा झाडं लावा, मध्ये तुमचं काजूचं नवीन कलम किंवा रातांबा, म्हणजे कोकम. रोज सकाळी दहा-बारा झाडांवर ब्रश फिरवणं घरातल्या एका माणसाला जमतं, पन्नास झाडांना जमत नाही आणि मजुरीवर हे काम करून घेणं कठीण, कारण कुठलं फूल तयार आहे ते ओळखायला जीव लावून बघावं लागतं.

---

माणगाव_खोरे (कुडाळ)

मंडळी, सगळं आईला वाचून दाखवलं. मिरजच्या ताईंचं दोनदा वाचायला लावलं. पानं घेणाऱ्या त्या माणसाला नको म्हणून कळवलंय.

ठरलं असं की कडेने बारा झाडं, स्वतःच्या झाडाच्या बिया रुजवून त्याच्यावर त्याचीच कलमं, मध्ये रातांबा आणि थोडा काजू. कृषी सहाय्यकांना फोन केला होता, फळबाग लागवड योजनेत कोकम आणि काजू बसतं, लक्ष्मणफळ यादीत नाही म्हणाले, म्हणजे ती बारा झाडं स्वतःच्या खर्चाने. चालेल. जुनी झाडं फळं काढून झाली की छाटतो.

एकच राहिलं, दादा, कलमासाठी काडी कुठली घ्यायची आणि कधी? आमच्याकडे काजूची कलमं बांधणारा माणूस आहे, त्याला जमेल का?

---

फळबाग_दापोली

काजूवाल्याला नक्की जमेल, मृदुकाष्ठ कलम, म्हणजे कोवळ्या रोपावर काडी बांधायची, तेच काम. खुंटाचं रोप पेन्सिलीएवढं जाड झालं की. काडी फळ देणाऱ्या फांदीची, त्या वर्षीचीच पण हिरवी लुसलुशीत नको, तपकिरी व्हायला लागलेली, डोळे फुगलेले पण फुटलेले नाहीत अशी. काढायच्या आधी आठ-दहा दिवस त्या काडीची पानं देठ ठेवून कापून टाका, डोळे चांगले फुगतात. पावसाचा जोर कमी झाल्यावर बांधा, भर पावसात सांध्यात पाणी जाऊन कुजतं, वरून प्लास्टिकची बारीक टोपी घाला. आणि काडी दोन्ही झाडांपैकी ज्याचं फळ जास्त गोड आणि कमी दोऱ्यांचं आहे त्याचीच घ्या. आता परागीभवन चालू केलंच आहे तर दोन्ही झाडांची फळं वेगवेगळी खाऊन बघा, मगच काड्यांना हात लावा. बियांच्या झाडांत चवीचा फरक बराच असतो.